मुलांच्या अंगणात गेलेली शाळा : ताराबाई मोडक

गेल्या आश्विनात महाविद्यालयाला सुट्टी लागली आणि मी आक्काच्या गावी गेलो. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचे सासर कळमनुरी तालुक्यात, कयाधूच्या काठापासून फार लांब नाही. पाऊस उघडला होता, आभाळ धुऊन काढल्यासारखे निळे दिसत होते आणि रानोरान सोयाबीनची सोंगणी चालू होती. ज्यांनी सोंगणीचे गुत्ते घेतले होते त्या बायका दिवस उगवायच्या आत भाकरी बांधून निघत आणि दिवेलागणीला परत येत. आक्का आणि दाजी त्यांच्यातच. त्यामुळे चार वर्षांच्या भाचीला अंगणवाडीत पोचवण्याचे आणि आणण्याचे काम त्या आठवड्यात माझ्याकडे आले.

पहिल्याच दिवशी मी दारात थांबून आतले दृश्य पाहिले. सेविकाबाईंनी एका सुपात मूग, उडीद, सोयाबीन आणि तूर एकत्र कालवून ठेवली होती आणि सहा-सात पोरे त्याच्याभोवती बसून एकेक दाणा निवडून वेगवेगळ्या वाटीत टाकीत होती. भिंतीकडेला पाने मांडली होती. आपट्याच्या छोट्या पानापासून सुरुवात होऊन शेवटी हळदीचे हातभर लांब पान होते. कोपऱ्यात एका परड्यात काळी माती घालून घटस्थापनेच्या दिवशी गहू आणि ज्वारी पेरली होती. त्याचे पिवळसर हिरवे कोंब वर आले होते. रोज एका मुलाने पाणी घालायचे आणि धांड्याची काडी शेजारी धरून कोंब कालच्यापेक्षा किती वाढला ते बघायचे, असा क्रम होता.

मला हसू आले. खरे सांगायचे तर थोडी लाजही वाटली. धान्य निवडणे आणि माती कालवणे आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालले आहे. त्यासाठी शाळा कशाला? रात्री मी आक्काला तसे बोलूनही दाखवले. तालुक्याच्या गावी एक इंग्रजी माध्यमाची शाळा आहे. तिच्यात तीन वर्षांच्या मुलांपासून प्रवेश देतात, गळ्यात टाय असतो आणि शेजारचे पोर चौथ्या वर्षी शंभरापर्यंत अंक लिहिते. आक्काच्या मनात तेच घोळत होते. सोयाबीनचे पैसे हाती आले की पहिला हप्ता भरायचा, असे नवरा-बायकोचे जवळजवळ ठरले होते. घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी एकटा, म्हणून शेवटचा शब्द माझा. मी काही विचार न करता होकार देऊन टाकला. आक्काचे स्वतःचे शिक्षण पाचवीवर थांबले. ते का थांबले हे मला माहीत होते, पण त्या रात्री ते माझ्या मनातही आले नाही.

सुट्टी संपवून परत आलो तेव्हा आमच्या सरांनी वार्षिक अंकासाठी शिक्षणक्षेत्रातील एखाद्या व्यक्तीचे चरित्र लिहून आण म्हणून सांगितले आणि ताराबाई मोडक हे नाव सुचवले. नाव शाळेत सामान्यज्ञानात पाठ केले होते, त्यापलीकडे काही माहीत नव्हते. दोन-तीन पाने खरडून मोकळे व्हावे, या विचाराने मी ग्रंथालयात बसलो. पण वाचता वाचता अशा ठिकाणी पोचलो की आक्काला दिलेला होकार मला बोचू लागला. म्हणून हे चरित्र मी जसे समजून घेतले तसे येथे सांगत आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव आणि आई उमाबाई हे दोघेही प्रार्थना समाजाच्या विचारांचे. ज्या काळात मुलीला अक्षर शिकवले तर घरावर संकट येईल असे समजणारी माणसे गल्लोगल्ली होती, त्या काळात या घरात मुलीने शिकणे ही गृहीत धरलेली गोष्ट होती. १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या वेळी महाराष्ट्रात पदवीधर स्त्रिया इतक्या थोड्या होत्या की तेवढ्यावरही त्यांचे नाव राहिले असते.

पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार टिकला नाही. १९२१ साली घटस्फोट झाला. आज आपण हा शब्द सहज उच्चारतो. शंभर वर्षांपूर्वी एका स्त्रीने तो निर्णय घेऊन समाजात ताठ मानेने उभे राहणे म्हणजे काय असेल, याची कल्पना आपल्या खेड्यापाड्यांत आजही करता येते. माहेरी परत आलेल्या बाईकडे गाव कसे पाहते, हे आपल्याला सांगायला नको. ताराबाई मात्र कोणाच्या आधाराला जाऊन राहिल्या नाहीत. त्यांनी नोकरी धरली आणि सौराष्ट्रातील राजकोट येथे मुलींच्या अध्यापन महाविद्यालयाच्या, म्हणजे बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या, त्या प्राचार्य झाल्या.

पद मोठे होते, पगार चांगला होता, प्रतिष्ठा होती. आयुष्य तेथेच सुखाने संपले असते. पण भावनगर येथे दक्षिणामूर्ती नावाची संस्था होती. नानाभाई भट्ट यांनी ती १९१० साली सुरू केली होती आणि तेथे गिजुभाई बधेका हे गृहस्थ एक वेगळाच प्रयोग करीत होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला शिकवायचे कसे, या विचारातून ते बालशिक्षणाकडे वळले आणि १९२० साली त्यांनी भावनगरात बालमंदिर उघडले. मिशा असलेली ही आई, म्हणून गुजरातेत लोक त्यांना मुछाळी मा म्हणू लागले. १९२३ साली ताराबाई प्राचार्यपद सोडून गिजुभाईंच्या बालमंदिरात दाखल झाल्या. मोठ्या विद्यार्थिनींना शिकवणारी बाई अडीच-तीन वर्षांच्या मुलांपुढे जमिनीवर येऊन बसली.

हा प्रयोग काय होता ते थोडे सांगितले पाहिजे. इटलीमध्ये मारिया मॉण्टेसरी नावाच्या डॉक्टर बाईंनी १९०७ साली रोम शहरातील सान लोरेंझो या गरीब कामगारवस्तीत मुलांचे एक घर उघडले. आईबाप कामावर गेलेले आणि मुले जिन्यात, गल्लीत उनाडत फिरणारी, अशी ती वस्ती होती. मॉण्टेसरीबाईंच्या लक्षात आले की लहान मूल कानाने कमी आणि हाताने जास्त शिकते. त्याला बसवून सांगितलेले त्याच्यात शिरत नाही, पण वस्तू हातात दिली, ती उचलू, फिरवू, लावू, मोडू दिली, की ते तासन्‌तास एकाग्र होते. म्हणून त्यांनी साधने तयार केली. दट्ट्यांच्या पेट्या, लहानमोठ्या ठोकळ्यांचे मनोरे, गुंडी-काजाच्या चौकटी, खरखरीत कागदाची अक्षरे. मूल बोटाने अक्षर गिरवते, तेव्हा लिहिण्याआधीच त्याच्या हाताला अक्षराचे वळण कळते. दट्टा चुकीच्या भोकात घातला तर तो बसत नाही, म्हणजे चूक दाखवायला मास्तर लागत नाही. साधन स्वतःच मुलाला सांगते आणि त्यामुळे मुलाला मार नाही, अपमान नाही, भीती नाही. मोठ्यांचे काम एवढेच की वस्तू नीट मांडायच्या, लक्ष ठेवायचे आणि मध्ये मध्ये करायचे नाही.

गिजुभाई आणि ताराबाई यांनी ही पद्धत अभ्यासली, तिच्यात गाणी, गोष्टी, नाट्य आणि आपल्याकडचे खेळ घातले आणि तिला भारतीय वळण दिले. १९२६ साली दोघांनी मिळून नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. शिक्षणपत्रिका या मासिकातून त्यांनी हे विचार पालकांपर्यंत आणि शिक्षकांपर्यंत पोचवले. ताराबाई लिहीत, व्याख्याने देत, शिक्षिका तयार करीत. नऊ वर्षे भावनगरात काढून त्या मुंबईत परतल्या आणि १९३६ साली दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केला. मराठी मध्यमवर्गाला मॉण्टेसरी हा शब्द कळला, घरांत मुलांना न मारण्याची भाषा सुरू झाली, त्यात या शिशुविहाराचा वाटा मोठा आहे. १९३९ साली गिजुभाई वारले. त्याच वर्षी मॉण्टेसरीबाई स्वतः भारतात आल्या आणि या विषयाला देशभर मान मिळाला.

येथपर्यंतचे चरित्र वाचून मी थोडा निर्धास्त झालो होतो. दादरची स्वच्छ शाळा, लाकडी साधने, शहरातले पालक. म्हणजे मी आक्काला सांगितले तेच बरोबर, असे मला वाटले. चांगले बालशिक्षण शहरात असते, पैसे भरून मिळते. पण ताराबाईंना स्वतःला हाच प्रश्न टोचत होता. मॉण्टेसरीबाईंनी ज्या मुलांसाठी हे घर उघडले ती गरिबांची मुले होती आणि आपल्याकडे ती पद्धत पोचली होती ती सुखवस्तू घरांत. पेट्या आणि ठोकळे महाग, ते विकत घेणार कोण? ज्या देशातली बहुतेक मुले खेड्यात जन्मतात, तेथे ही शाळा पोचलीच नाही तर तिचा उपयोग काय?

म्हणून १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाईंनी दादर सोडून समुद्रकाठच्या बोर्डी या गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले. हे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. त्या साली आपली हिंगोली परभणी जिल्ह्यात आणि निजामाच्या राज्यात होती. मराठवाडा मुक्त व्हायला अजून तीन वर्षे होती आणि आपल्याकडे मराठीतून प्राथमिक शाळा मिळणे हीच चैन होती. बोर्डीत ताराबाईंना एक सहकारी मिळाली. तिचे नाव अनुताई वाघ. पुणे जिल्ह्यातील मोरगावच्या अनुताई तेराव्या वर्षी लग्न होऊन सहा महिन्यांत विधवा झाल्या होत्या. नंतर शिकून त्या शिक्षिका झाल्या आणि १९४५ साली ताराबाईंबरोबर बोर्डीला आल्या त्या कायमच्या. एकीने मोडलेला संसार मागे टाकलेला, दुसरीचा संसार सुरूच झाला नव्हता. दोघींनी मिळून दुसऱ्यांच्या मुलांचा संसार मांडला.

बालवाडी उघडली, पण सगळी मुले आली नाहीत. सवर्णांच्या आळीतली मुले येत. हरिजन आणि आदिवासी वस्तीतली मुले येत नसत. मग शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. आंघोळ नाही, केसांत गुंता, नखे वाढलेली, अशी मुले. त्यांना आधी न्हाऊ घालायचे, केस विंचरायचे, नखे काढायची आणि मग खेळायला घ्यायचे. हेच त्यांचे पहिले पाठ. तरीही काही मुले ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी येऊ शकत नव्हती, कारण त्यांच्या घरची कामे शाळेच्या घंटेवर चालत नव्हती. तेव्हा ताराबाईंनी सरळ विचार केला. मुले शाळेत येत नसतील तर शाळेने मुलांकडे जावे. मुलांच्या घरापुढचे अंगण हीच शाळेची जागा आणि मुलांना सवड असेल ती शाळेची वेळ. एका जागी ठरावीक वेळेला भरणारी मध्यवर्ती बालवाडी आणि वस्तीच्या अंगणात सोयीच्या वेळी भरणारी अंगण-बालवाडी, असे दोन प्रकार त्यांनी केले. आज आपण ज्या अंगणवाडीत जातो-येतो, जिच्याकडे मी हसून पाहिले, तिच्या नावाचे आणि कल्पनेचे मूळ या अंगणात आहे.

आणि साधने? लाकडी पेट्या येथे परवडणाऱ्या नव्हत्या, पण अंगणाबाहेर समुद्र होता, ओढा होता, झाडे होती. शंख-शिंपले मोजायला, खडे लहानमोठे लावायला, बिया आणि चिंचोके वेगळे करायला, पाने-फुले रंगाप्रमाणे मांडायला, बांबूच्या कांड्या उंचीप्रमाणे उभ्या करायला, माती आकार द्यायला. मॉण्टेसरीबाईंच्या मनोऱ्याचे तत्त्व हेच की मुलाने मोठ्यापासून लहानापर्यंत क्रम हाताने लावावा. तो क्रम ठोकळ्यांचा असो वा पानांचा, मुलाच्या डोक्यात घडणारी क्रिया एकच. ताराबाईंचे मोठेपण मला या ठिकाणी दिसले. परदेशातून आलेली पद्धत त्यांनी टाकली नाही आणि तिची पूजाही केली नाही. तिच्यातले तत्त्व ओळखले आणि वस्तू आपल्या मातीतून घेतल्या.

हे वाचत असताना मला आक्काच्या गावच्या अंगणवाडीतले सूप आठवले. मूग, उडीद, सोयाबीन आणि तूर. मूग हिरवा, उडीद काळा, सोयाबीन वाटोळे आणि पिवळे, तूर लालसर. आमच्या भाचीची बोटे दाणा चिमटीत धरीत होती. पुढे पेन्सिल धरायची ती हीच चिमूट. दाणा कोणत्या वाटीत जाईल हे ठरवताना ती रंग, आकार आणि गुळगुळीतपणा एकाच वेळी तपासत होती. वर्गीकरण या भल्या मोठ्या शब्दाचा आम्ही तर्कशास्त्राच्या तासाला अभ्यास करतो. ती ते सुपाजवळ बसून करीत होती. धांड्याच्या काडीने कोंब मोजणे म्हणजे मोजमापाचा पहिला धडा. आणि घट म्हणाल तर बी रुजते कसे हे आपल्या आयाबाया दर नवरात्रात घरी दाखवतच असतात. फरक एवढाच की घरात मुलाला घटाला हात लावू देत नाहीत आणि अंगणवाडीत ते स्वतः पाणी घालते. शरद ऋतू हा आपल्याकडे साधनांचा महिना आहे. रानात नवे धान्य, बांधावर झेंडू, दसऱ्याला आपटा, कापसाची पहिली बोंडे, नदीचे पाणी उतरल्यावर उघडे पडलेले गोटे. यातले काहीही विकत आणावे लागत नाही.

१९५७ साली केंद्र बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाई तेव्हा पासष्ट वर्षांच्या होत्या. टेकडीच्या आजूबाजूला वारली आदिवासींचे पाडे. येथे तर अडचणी आणखी वाढल्या. थोडी मोठी मुले गुरे राखायला जात. त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरत आहेत, झाडाखाली मुले बसली आहेत आणि शिक्षिका तेथेच साधने घेऊन गेली आहे, अशी ती शाळा. ज्या गुराख्याला गुरे सोडून शाळेत येता येत नाही, त्याला शिकण्याचा हक्क नाही असे ताराबाईंनी मानले नाही.

पण अडचण गुरांची होती त्याहून मोठी मुलींची होती. आईबाप मजुरीला गेले की सात-आठ वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड येई. ती शाळेत येऊ शकत नसे. आली तर भावंड रडे, आणि भावंड रडले की तिला बाहेर जावे लागे. ताराबाईंनी यावर जे उत्तर काढले त्याचे नाव विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. मुलीने शाळेत येताना कडेवरच्या भावंडालाही आणावे. ते पाळणाघरात राहील, त्याहून थोडे मोठे बालवाडीत खेळेल आणि ती स्वतः वर्गात बसेल. हाकेच्या अंतरावर तिघेही. आज हे ऐकताना अगदी सोपे वाटते. ते सुचायला मात्र त्या मुलीच्या जागी उभे राहावे लागते.

या पानावर मी पुस्तक मिटून ठेवले. कारण ती मुलगी मला माहीत आहे. मी आठ-नऊ महिन्यांचा असताना माझी माय दुसऱ्याच्या रानात निंदणी-सोंगणीला जाऊ लागली. आक्का तेव्हा पाचवीत होती. सुरुवातीला ती मला कडेवर घेऊन शाळेत जाई आणि वर्गाच्या दाराबाहेर बसून ऐके. मी रडलो की मला घेऊन निंबाखाली जाई. सुगीत काही आठवडे ती गेलीच नाही. ते आठवडे वाढत गेले आणि तिचे नाव पटावरून केव्हा गेले ते कोणाच्या ध्यानातही आले नाही. पुढे मी शाळेत गेलो, महाविद्यालयात आलो, आणि घरातला शहाणा म्हणून तिच्या मुलीच्या शिक्षणाविषयी शेवटचा शब्द बोलू लागलो. मी शिकलो तो तिच्या पाचवीच्या पाटीवर पाय देऊन. ताराबाईंची विकासवाडी आमच्या गावात असती तर या महाविद्यालयाच्या अंकात कदाचित आक्काचे नाव छापून आले असते.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरवले. त्यानंतरही त्या कामातच राहिल्या आणि ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, एक्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे नेले आणि १९९२ साली त्याही गेल्या. ताराबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि गावोगाव अंगणवाड्या निघाल्या. अंगणातल्या शाळेला देशाने मान्यता दिली, पण ते पाहायला त्या नव्हत्या.

चरित्र लिहिणाऱ्याने नुसता गौरव करून थांबू नये, असे आमचे सर सांगतात. म्हणून दुसरी बाजूही लिहितो. ताराबाईंची पद्धत दिसते तितकी सोपी नाही. सुपात चार धान्ये कालवून ठेवली म्हणजे शाळा झाली असे नाही. कोणते मूल कशात रमले, कोण मागे पडले, कोणाला आता पुढची वस्तू द्यायची, हे पाहणारी शिकलेली नजर लागते. त्यासाठीच ताराबाईंनी आयुष्यभर शिक्षिका घडवल्या. आपल्या अंगणवाडीच्या सेविकाबाईंवर पोषण आहार, वजने, लसीकरणाच्या याद्या आणि नोंदी यांचाही भार असतो. एवढे करून त्या सूप मांडतात, यातच त्यांचे कौतुक. पण त्या भाराखाली पुष्कळ ठिकाणी खेळ मागे पडतो आणि खाऊ तेवढा उरतो, हेही नाकारता येत नाही. मग पालक टाय आणि बुटांकडे वळले तर त्यांना तरी दोष कसा द्यावा? आपल्या मुलीने आपल्यासारखे रानात राबू नये, एवढीच त्यांची इच्छा असते. आक्काचीही तीच होती.

दिवाळीला मी पुन्हा आक्काकडे गेलो. रात्री कंदिलाखाली बसून तिला ताराबाईंची सगळी हकीकत सांगितली. राजकोट, भावनगर, दादर, बोर्डी असे करत कोसबाडच्या टेकडीवर आलो आणि विकासवाडी कशी होती ते सांगितले. आक्का पणत्यांच्या वाती वळत होती. तिने मध्ये काही विचारले नाही. सगळे सांगून झाल्यावर तिने एवढेच विचारले की त्या शाळेत भावंड रडले तर मोठ्या मुलीला वर्गातून उठावे लागत होते की दुसरे कोणी त्याला घेत असे. मी सांगितले की पाळणाघरात त्याला घ्यायला वेगळी बाई असे. आक्का बराच वेळ गप्प राहिली. मग वाती वळू लागली.

मी माझा होकार परत घेतला. फीचा पहिला हप्ता भरला गेला नाही. भाची याही वर्षी अंगणवाडीतच जाते. दाजींची समजूत पूर्ण पटलेली नाही आणि पुढच्या वर्षी काय करायचे हा प्रश्न तसाच उभा आहे. त्याचे उत्तर ताराबाईंच्या चरित्रात आयते मिळत नाही. पण एक गोष्ट मी ठरवून टाकली. सुट्टीत गावी गेलो की अंगणवाडीच्या दारात उभे राहून हसायचे नाही. आत जाऊन बसायचे. दिवाळीच्या सुट्टीत मी एकदा बसलो. भाचीने माझ्यापुढे कयाधूतल्या गोट्यांचा ढीग ओतला आणि लहानापासून मोठ्यापर्यंत लाव म्हणून खुणावले. दोन गोटे जवळजवळ सारखे होते. कोणता आधी ठेवायचा ते मला नजरेने ठरवता येईना. तिने दोन्ही तळहातांवर घेऊन तोलले आणि बरोबर जागी ठेवले.

आपल्यापैकी पुष्कळजण पुढे शिक्षक होतील, कोणी ग्रामपंचायतीत निवडून येतील, बहुतेकजण आईबाप तर होतीलच. आपल्या जिल्ह्यात सोयाबीनची सुगी दरवर्षी येणार आहे आणि दरवर्षी कोणत्या तरी मुलीच्या कडेवर तिचे भावंड येणार आहे. त्या मुलीला भावंडासकट बसायला जागा आपल्या गावच्या शाळेत आहे का, एवढे आपण प्रत्येकाने पाहावे. ताराबाई मोडक यांचे स्मरण करण्याचा याहून चांगला मार्ग मला तरी सुचत नाही.